हॉलचं भाडं शून्य : कॉन्फरन्स हॉटेलांवर संशोधन करायचं असेल तर

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली. ती इथे सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण आत्ता सिनॉप्सिस लिहिण्याच्या टप्प्यावर आहात आणि ही चूक व्हायला तो टप्पा फार सोयीचा असतो.

माझा विषय आहे व्यावसायिक कॉन्फरन्स भरवणारी हॉटेलं. कंपन्यांच्या सेल्स मीट, डीलर मीट, ट्रेनिंग, डॉक्टरांच्या परिषदा, सगळं त्यात आलं. या धंद्याला 'माइस' म्हणतात. मीटिंग, इन्सेंटिव्ह, कॉन्फरन्स आणि एक्झिबिशन या चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं ते नाव. हॉल केवढा आहे, शहराच्या कुठल्या भागात आहे, हॉटेल किती तारांकित आहे, यावरून हॉलचं भाडं कसं ठरतं ते मला शोधायचं होतं. प्रश्न अगदी सुटसुटीत वाटत होता. पुण्यातल्या काही हॉटेलांनी नाव न छापण्याच्या अटीवर जुन्या बुकिंगचे तपशील दिले. एक्सेल शीट भरली आणि 'हॉलचं भाडं' या रकान्यात कित्येक ओळींमध्ये शून्य निघालं.

मी काय केलं? शून्य म्हणजे कुणीतरी आकडा भरायला विसरलं, असं धरलं. त्या सगळ्या ओळी 'मिसिंग डेटा' म्हणून काढून टाकल्या. उरलेल्या ओळींवर रिग्रेशन चालवलं, तक्ते केले आणि सहामाही प्रगती अहवालात घातले. सल्लागार समितीपुढे बसल्यावर एका सरांनी एवढंच विचारलं, "अहो, गहाळ झालेल्या ओळी सगळ्या मोठ्या बुकिंगच्याच कशा काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मिळालं एका हॉटेलच्या बँक्वेट सेल्समध्ये. तिथले मॅनेजर माझी शीट बघून हसले. म्हणाले, "मॅडम, ते शून्य बरोबरच आहे. ज्यांनी ऐंशी खोल्या घेतल्या, दोन दिवस जेवण घेतलं, त्यांच्याकडे हॉलचे पैसे वेगळे कसे मागणार?"

म्हणजे मी पुसलेल्या ओळी हाच या धंद्याचा गाभा होता. सहा महिन्यांचं काम परत करावं लागलं. तुमचे सहा महिने वाचावेत म्हणून पुढचं सगळं.

हॉटेल नेमकं काय विकतं?

आपल्याला वाटतं, कॉन्फरन्ससाठी हॉटेल हॉल भाड्याने देतं. तसं होतं, पण बऱ्याचदा फक्त छोट्या, अर्ध्या दिवसाच्या, खोल्या न घेणाऱ्या मीटिंगसाठी. मोठ्या बुकिंगमध्ये माणशी दर ठरतो. दिवसभराच्या पॅकेजमध्ये दोन वेळचा चहा-बिस्किटं, दुपारचं जेवण, हॉल, प्रोजेक्टर, माइक, पाण्याच्या बाटल्या असं सगळं एकत्र असतं. मुक्कामी पॅकेजमध्ये खोली, नाश्ता आणि रात्रीचं जेवणही येतं. हॉलची किंमत या दरात विरघळलेली असते. बिलावर ती शून्य दिसते, पण हॉल फुकट नसतो.

त्यामुळे 'हॉलचं भाडं' हा चल घेऊन तुम्ही अभ्यास केलात, तर तो छोट्या मीटिंगचा अभ्यास होईल, आणि नाव मात्र 'कॉन्फरन्स हॉटेलं' असं राहील. नमुना एका बाजूला झुकण्याचं याहून साधं उदाहरण मला माहीत नाही.

'हॉलची क्षमता' या चलाचंही तसंच. थिएटर पद्धतीने, म्हणजे नुसत्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या, तर ज्या हॉलमध्ये ३०० जण बसतात, तिथे क्लासरूम पद्धतीने पुढे टेबलं लावल्यावर साधारण निम्मेच मावतात. यू आकारात त्याहूनही कमी. एका हॉटेलने थिएटरचा आकडा दिला आणि दुसऱ्याने क्लासरूमचा, तर तुमची तुलना तिथेच फसली. म्हणून क्षमता नको, हॉलचं क्षेत्रफळ मागा आणि बैठकीची पद्धत वेगळ्या रकान्यात नोंदवा.

तारखेची किंमत

आता खरा प्रश्न. हॉटेल एखादी कॉन्फरन्स घेतं किंवा नाकारतं ते कशावरून? इथे 'डिस्प्लेसमेंट' ही कल्पना लागते. ही कॉन्फरन्स घेतल्यामुळे दुसरं कोणतं गिऱ्हाईक परत पाठवावं लागेल, आणि त्यात किती नुकसान होईल, याचा हिशोब म्हणजे डिस्प्लेसमेंट.

पुढचे आकडे मी समजावण्यासाठी मनाने घेतलेत. एका कंपनीला दोन रात्रींसाठी ८० खोल्या हव्यात, दर ५,००० रुपये. खोल्यांचे झाले ८ लाख. शिवाय १५० माणसं, दोन दिवस, माणशी रोज २,००० रुपयांचं पॅकेज, म्हणजे ६ लाख. एकूण १४ लाख. आता हॉटेलच्या हातात काय उरतं ते बघा. खोलीच्या उत्पन्नातून मोठा वाटा उरतो, समजा ७५ टक्के. जेवणात कच्चा माल, गॅस, वाढपी असा खर्च जास्त, तिथे समजा ३५ टक्के. तर खोल्यांचे ६ लाख आणि जेवणाचे २ लाख १० हजार, मिळून ८ लाख १० हजार.

कॉन्फरन्स नसती, तर त्या ८० पैकी ५० खोल्या एरवीच्या पाहुण्यांनी ६,५०० रुपयांनी घेतल्या असत्या असं धरू. दोन रात्रींचे साडेसहा लाख, त्यातून उरणार ४ लाख ८७ हजार ५००. कॉन्फरन्स घेणं फायद्याचं.

पण त्या दोन दिवसांत एक लग्नाचा मुहूर्त असला तर? ५०० पानं, पानामागे २,५०० रुपये, म्हणजे साडेबारा लाख, आणि त्यातून उरणारे ४ लाख ३७ हजार ५००. हे आधीच्या रकमेत मिळवा : ९ लाख २५ हजार. तीच कंपनी, तोच दर, तेवढीच माणसं, तरी आता हॉटेल म्हणणार, "सर, त्या तारखेला उपलब्ध नाही, पुढचा आठवडा चालेल का?"

म्हणून माझ्या विषयात पंचांग हा गंमतीचा भाग नाही, तो एक चल आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की हॉल लग्नांकडे वळतात. चातुर्मासात लग्नं जवळजवळ थांबतात, आणि तेव्हा हॉटेलं कंपन्यांना चांगले दर द्यायला तयार होतात. मात्र इथे एक खाच आहे. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि चातुर्मास महिनाभर लांबला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे साधारण १७ मे ते १५ जून हा एरवी लग्नांचा काळ अधिक महिन्यात जातो. 'मागच्या वर्षीच्या मे महिन्याच्या तुलनेत कॉर्पोरेट बुकिंग वाढलं' असा निष्कर्ष तुम्ही काढलात, तर ती वाढ कंपन्यांमुळे झाली की अधिक महिन्यामुळे, हे सांगता यायला हवं. इंग्रजी महिन्यांवर बेतलेलं तयार मॉडेल हे आपोआप पकडत नाही. मुहूर्ताच्या दिवसांचा रकाना आपला आपल्यालाच भरावा लागतो.

करारातले शब्द

मुलाखतीला जाण्याआधी चार शब्द माहीत असू द्या. नाहीतर समोरचा माणूस बोलत राहील आणि तुम्ही नुसती मान डोलवाल. मी डोलवली आहे.

रूम ब्लॉक : कॉन्फरन्ससाठी राखून ठेवलेल्या खोल्या.

कट-ऑफ तारीख : या दिवसापर्यंत नावांची यादी आली नाही, तर राखलेल्या खोल्या हॉटेल दुसऱ्यांना विकू शकतं.

अॅट्रिशन : ठरलेल्यापेक्षा किती खोल्या कमी घेतल्या तर चालेल, याची मर्यादा. ८० खोल्या आणि २० टक्के सूट असेल, तर निदान ६४ खोल्यांचे पैसे द्यावेच लागतात. माणसं ५८ खोल्यांपुरतीच आली, तर रिकाम्या ६ खोल्यांचेही पैसे जातात.

मिनिमम गॅरंटी : इतक्या ताटांचे पैसे नक्की. माणसं जास्त आली तर जास्तीच्या ताटांचे पैसे वाढतात, कमी आली तरी गॅरंटीचे द्यावे लागतात.

संशोधक म्हणून यात तुमचं काय? 'उपस्थिती' या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे आकडे लपलेले असतात : करारातला, बिलातला आणि खुर्चीवर खरोखर बसलेल्यांचा. कॉन्फरन्सचा पर्यावरणावरचा भार मोजत असाल तर तिसरा लागेल, हॉटेलच्या उत्पन्नासाठी दुसरा, आणि आयोजकाचा अंदाज किती चुकला हे बघायचं तर पहिला आणि तिसरा दोन्ही. हे आकडे 'फंक्शन प्रॉस्पेक्टस' नावाच्या कागदावर शेजारी शेजारी सापडू शकतात. कार्यक्रमाच्या आधी स्वयंपाकघरापासून सिक्युरिटीपर्यंत सगळ्यांना जाणारं ते सूचनापत्र. एखादं जुनं, नावं खोडलेलं प्रॉस्पेक्टस बघायला मिळालं, तर दहा मुलाखतींचं काम होईल.

'ट्रेंड' या शब्दापासून जपून

आपल्या सिनॉप्सिसमध्ये 'उदयोन्मुख ट्रेंड' हा शब्द हमखास असतो. माझ्याही होता. पण एखादी गोष्ट वाढताना दिसली की लोकांची आवड बदलली असं लगेच लिहू नका. आधी नियम बदललाय का ते बघा. तीन उदाहरणं देते.

पहिलं, कर. मुंबईतली, फक्त महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी असलेली कंपनी गोव्यातल्या हॉटेलात कॉन्फरन्स घेते. आयजीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १२(३) प्रमाणे हॉटेलच्या सेवेचं ठिकाण म्हणजे हॉटेल जिथे आहे ते राज्य. त्यामुळे बिलावर गोव्याचा राज्य जीएसटी लागतो आणि त्याचं क्रेडिट या कंपनीला महाराष्ट्रात मिळत नाही. पण तोच कार्यक्रम इव्हेंट मॅनेजमेंट एजन्सीमार्फत केला, तर आयोजनाच्या सेवेला कलम १२(७) लागू शकतं. तिथे सेवेचं ठिकाण नोंदणीकृत ग्राहकावरून ठरतं, आणि हिशोब बदलतो. आता 'कंपन्या आयोजन बाहेरच्या एजन्सीकडे सोपवू लागल्या' हा ट्रेंड व्यावसायिक कौशल्याच्या शोधातून आला की कराच्या हिशोबातून? दोन्ही असू शकतं. पण प्रश्नावलीत करावर एकही प्रश्न नसेल, तर तुम्हाला ते कधीच कळणार नाही. तसंच, २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. ग्रुपचे दर ७,५०० च्या जरा खालीच दाटीने दिसतात का, हा एक स्वतंत्र छोटा पेपर होऊ शकतो.

दुसरं, औषध कंपन्या. मार्च २०२४ मध्ये औषधांच्या विपणनाची एकसमान संहिता आली. डॉक्टरांसाठीचे शैक्षणिक कार्यक्रम परदेशात घ्यायला तिने मनाई केली. त्यानंतर देशातल्या हॉटेलांत वैद्यकीय परिषदा वाढलेल्या दिसल्या, तर ते 'देशांतर्गत पर्यटनाचं वाढतं आकर्षण' म्हणून लिहिण्याआधी थांबा.

तिसरं, नवी केंद्रं. हैदराबादचं एचआयसीसी २००६ पासून आहे, मुंबईत बीकेसीमध्ये जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर २०२२ मध्ये सुरू झालं, दिल्लीत २०२३ मध्ये भारत मंडपम आणि यशोभूमी आले. हैदराबादच्या केंद्राला लागूनच हॉटेल आहे, पण सगळीकडे तसं नसतं. ज्या केंद्राकडे विकायला स्वतःच्या खोल्याच नाहीत, त्याला हॉलच्या भाड्यावरच कमवावं लागतं. हॉटेल मात्र हॉल 'शून्याला' देऊन खोल्यांवर कमवू शकतं. दोघांच्या भाड्याचा एकच सरासरी आकडा काढलात, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

ऑनलाइन आणि हायब्रिड मीटिंगचंही असंच. कोविडनंतर त्या वाढल्या, इथपर्यंत सगळे लिहितात. त्यापुढे विचारायला हवं, की कुठली मीटिंग स्क्रीनवर गेली आणि कुठली हॉलमध्ये परत आली. माहिती द्यायची बैठक लॅपटॉपवर उरकते. वर्षभर राबलेल्या डीलरला शाबासकी द्यायची असेल, तर त्याच्यासोबत जेवायलाच बसावं लागतं. मीटिंगचा हेतू न नोंदवता तिची फक्त संख्या मोजली, तर हा फरक दिसत नाही.

मग तुम्ही काय करा?

सिनॉप्सिस पक्कं करण्याआधी तीन गोष्टी करा, मार्गदर्शकांनी सांगितलं नसलं तरी. एक, ज्या धंद्यावर लिहिताय तिथे दोन दिवस नुसते बसा. बँक्वेट सेल्सला जायचं तर दुपारी तीन ते पाच बरं, जेवणाच्या वेळी जाऊ नका. दोन, एक खरं बिल आणि त्यामागचा करार शेजारी ठेवा आणि तुमचा प्रत्येक चल त्यात कुठे दिसतो ते बोट ठेवून दाखवा. जो दाखवता येत नाही, तो प्रश्नावलीत घालू नका. तीन, डेटा साफ करताना एकही ओळ पुसण्याआधी ती लिहिणाऱ्या माणसाला फोन करा.

माझ्या प्रबंधाचा प्रश्न आता बदललाय. हॉलचं भाडं किती, हे मी विचारत नाही. हॉटेल हॉल कोणाला, कोणत्या तारखेला आणि कशाच्या बदल्यात शून्याला देतं, हे विचारते. समितीतल्या त्याच सरांनी पुढच्या बैठकीत शीट बघून विचारलं, "सापडल्या का ओळी?" मी म्हटलं, "हो सर, पुसलेल्या सगळ्या परत घेतल्या." ते म्हणाले, "आता तुमचं काम सुरू झालं."