चुनखडीला ८४० अंशांची भट्टी का लागते? एन्ट्रॉपी, एन्थाल्पीचं गणित समजून घ्या

मुंबईच्या हार्बर मार्गावर चुनाभट्टी नावाचं स्टेशन आहे. चुनखडीपासून कळीचा चुना करायचा तर भट्टीच लागते, उन्हात ठेवून तो होत नाही. असं का, याचं उत्तर बारावीची मुलं घोकून जातात त्या एका ओळीच्या सूत्रात आहे: डेल्टा जी = डेल्टा एच − टी × डेल्टा एस.

एच म्हणजे एन्थाल्पी. तिच्यातला बदल म्हणजे स्थिर दाबाखाली होणारी उष्णतेची देवघेव. एक मोल, म्हणजे १०० ग्रॅम चुनखडीचं विघटन करायला सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता द्यावी लागते. हा झाला खर्च. एस म्हणजे एन्ट्रॉपी. तिला ‘अव्यवस्था’ म्हणून मोकळं होणं पुस्तकांना आवडतं. खरं तर कण आणि ऊर्जा किती प्रकारे विखुरले जाऊ शकतात, याचं ते माप आहे. घट्ट दगडातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, म्हणून इथे एन्ट्रॉपी वाढते, मोलमागे आणि केल्विनमागे सुमारे १६० ज्यूल. ही जमा. ती तापमानाने गुणली जाते, त्यामुळे भट्टी तापेल तशी वाढत जाते.

उरला जी. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसाया विलार्ड गिब्ज यांच्या नावाची ही मुक्त ऊर्जा. २५ अंश सेल्सिअसला, म्हणजे २९८ केल्विनला, जमा जेमतेम ४८ किलोज्यूल. डेल्टा जी येतो अधिक १३०. अधिक चिन्ह असेल तर अभिक्रिया आपणहून होत नाही. सुमारे १,११० केल्विनला (जवळपास ८४० अंश सेल्सिअस) जमाखर्च बरोबरीत येतो आणि त्यापुढे डेल्टा जी उणे होतो.

मार्क जातात ते इथेच. एन्थाल्पी किलोज्यूलमध्ये दिलेली असते, एन्ट्रॉपी ज्यूलमध्ये. एकक न बदलता १७८ ला १६० ने भागलं तर उत्तर येतं १.१ केल्विन, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअस! तसं असतं तर ताजमहालाचा संगमरवर, जो मुळात कॅल्शियम कार्बोनेटच आहे, केव्हाच चुना होऊन गेला असता.

डेल्टा जी उणे आला म्हणजे अभिक्रिया झटपट होईल, असंही नाही. वेगाबद्दल हे सूत्र गप्प असतं. म्हणून प्रत्यक्षात भट्ट्या ९०० अंशांच्या वर तापवतात. सिमेंट कारखान्यातही हीच अभिक्रिया चालते. एक टन कळीच्या चुन्यामागे खुद्द दगडातूनच सुमारे ७८५ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. कोळशाऐवजी सौरऊर्जेवर भट्टी चालवली तरी तो निघणारच.