बाहेर वैशाख, आत पौष

जून-जुलैमध्ये मुलाकडे वा मुलीकडे कॅलिफोर्नियात राहायला गेलेल्या पुण्या-मुंबईच्या आईवडिलांची एक सहल जवळजवळ ठरलेली असते. लॉस एंजलिसहून मोटारीने मोहावी वाळवंट ओलांडायचे, लास व्हेगासला एक-दोन रात्री मुक्काम करायचा आणि पुढे ग्रँड कॅन्यन गाठायचे. वाळवंटात जायचे म्हणून बॅगेत पातळ, सुती, अर्ध्या बाह्यांचे कपडे भरले जातात. शाल आणि स्वेटर ‘तिथे कशाला हवेत?’ म्हणून कपाटातच राहतात. मग भर दुपारी, बाहेर पारा ४३ अंशांवर असताना, कोणाची तरी आई एखाद्या भव्य हॉटेलात पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून, हात काखेत घालून बसलेली दिसते.

व्हेगासच्या उन्हाळ्याविषयी जे ऐकलेले असते ते खोटे नसते. जुलैत तेथील दुपारचे सरासरी कमाल तापमान ४० अंशांच्या घरात असते आणि ७ जुलै २०२४ रोजी तर १२० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४९ अंश सेल्सिअस असा उच्चांक नोंदला गेला. परंतु प्रवासी या उन्हात वावरतो किती वेळ? ‘स्ट्रिप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यावरील बहुतेक बड्या हॉटेलांची रचनाच अशी आहे, की खोलीकडे जाणारी लिफ्ट, उपाहारगृहे, नाट्यगृह, दुकाने या सर्वांकडे जाणारी वाट कसिनोच्या दालनातून जाते. आयुष्यात पत्त्यांना हात न लावलेल्या माणसालाही दिवसातून दहा वेळा ते दालन ओलांडावे लागते. २१ वर्षांखालील मुलांना तेथून जाता येते, थांबता येत नाही; त्यामुळे बाकीची मंडळी खेळाच्या यंत्रांपाशी रमली, की नातवंडांना घेऊन आजी-आजोबा बाजूच्या खाद्यदालनात तासन् तास बसतात. तेही तितकेच थंडगार असते. थोडक्यात, या सहलीसाठी कपडे निवडायचे ते बाहेरच्या हवेकडे पाहून नव्हे, तर आतल्या हवेकडे पाहून.

हा गारठा मुद्दाम निर्माण केला जातो, असा अनेकांचा समज असतो. खेळणाऱ्यांना जागे ठेवण्यासाठी हवेत प्राणवायू सोडतात, ही वदंताही अनेक वर्षे फिरत आहे. ती निराधार आहे. जेथे जागोजागी सिगारेटी पेटलेल्या असतात तेथे जादा प्राणवायू सोडणे म्हणजे आगीला आमंत्रण. थंडीमुळे गिऱ्हाईक तरतरीत राहत असेल तर मालकाला ते नको असेल असे नाही, पण खरे कारण यंत्रणेच्या गणितात आहे. नेवाडा राज्यात २००६ साली मतदारांनी सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी घालणारा कायदा संमत केला, मात्र कसिनोतील खेळाची दालने त्यातून वगळली गेली. काही हॉटेलांनी पुढे स्वेच्छेने धूम्रपान बंद केले, तरी बहुतेक ठिकाणी ते चालू आहे. धूर बाहेर काढायचा तर बाहेरची ताजी हवा सतत आत घ्यावी लागते आणि ती हवा तापलेली असते. शिवाय स्वस्थ बसलेला एक माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. दालनात हजार माणसे असली तर ते एक किलोवॅटचे शंभर हिटर पेटवून ठेवल्यासारखेच झाले. त्यात रात्रंदिवस चालणारी यंत्रे आणि दिव्यांचा झगमगाट यांची भर. शनिवारच्या रात्रीची ही गर्दी पेलेल अशा बेताने यंत्रणा उभारलेली असते. मंगळवारी दुपारी तेथे पाऊणशे माणसे असतात आणि छतातल्या झरोक्यांतून सोडलेली, साधारण १३ अंशांपर्यंत थंड केलेली हवा अंगावर येते.

दालनाचे एकूण तापमान मात्र बहुधा २१ ते २३ अंशच असते. पुण्यात एवढ्या तापमानाला कोणी कुडकुडत नाही, मग तेथेच हुडहुडी का भरते? याचे उत्तर १९४१ सालच्या एका मोजमापात मिळते. योगायोग असा, की व्हेगासच्या या रस्त्यावरचे पहिले मोठे हॉटेल ‘एल रँचो व्हेगास’ त्याच वर्षी सुरू झाले. कपड्यांची ऊब मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्या वर्षी ‘क्लो’ हे एकक सुचवले. २१ अंशांच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखद वाटण्यास जेवढी ऊब लागते ती एक क्लो. ढोबळमानाने कोट-पाटलोणीचा पूर्ण पोशाख. अर्धी चड्डी आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा यांची ऊब भरते जेमतेम ०.३६ क्लो, पूर्ण पाटलोण घातली तर ०.५७. म्हणजे उन्हाळी वेषातला प्रवासी बसायला लागतो तेव्हा त्याच्या अंगावर गरजेच्या निम्मीच ऊब असते. चालताना हे जाणवत नाही, कारण चालण्यानेच अंग तापते. यंत्रासमोर वा नाटकाच्या खुर्चीत अर्धा तास गेला, की जाणवू लागते.

घामाचाही यात मोठा वाटा आहे. मुंबईकराला उकाडा कळतो तो चिकचिकाटाने. मोहावीत जूनच्या दुपारी हवेतील आर्द्रता अनेकदा १० टक्क्यांच्याही खाली जाते, त्यामुळे घाम त्वचेवर आल्याआल्या उडून जातो आणि ‘ऊन आहे, पण घाम नाही हो’ असे कौतुकाने म्हटले जाते. घाम असतो, फक्त दिसत नाही. पाठीला पिशवी टेकलेली असते तेथे, बनियनमध्ये, चोळीच्या काखेत तो मुरलेला असतो आणि थंड, कोरड्या हवेत शिरताच वाळू लागून अंगातली उष्णता ओढून घेतो.

हा त्रास सर्वांना सारखा होत नाही. इमारतींतील तापमानाचे प्रचलित निकष साधारण चाळिशीच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात निर्माण होणाऱ्या उष्णतेवर बेतलेले आहेत आणि स्त्रियांच्या शरीरात त्याहून कमी उष्णता निर्माण होते, असे ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात २०१५ साली दोन डच संशोधकांनी दाखवून दिले. वयपरत्वे ती आणखी घटते. तेव्हा ‘आईला जरा जास्तच थंडी वाजते’ ही थट्टा सोडून द्यायला हरकत नाही.

याबाबतीत साडी मात्र फारच सोयीची. माधवी इंद्रगंटी या भारतीय संशोधिकेने सहकाऱ्यांसह ऊब मोजण्याच्या खास पुतळ्याला साड्या नेसवून पाहिल्या, तेव्हा त्याच साडीची ऊब नेसण्याच्या आणि पदर घेण्याच्या पद्धतीनुसार बरीच कमी-जास्त होते असे आढळले. पदर खांद्यावर मोकळा सोडणे आणि दोन्ही खांद्यांवरून लपेटणे यांतला फरक आज्यांना पुतळ्यावाचूनही ठाऊक होता. ज्या एरवी साडी नेसतात त्यांनी ‘प्रवासात सुटसुटीत’ म्हणून मुलीचा टी-शर्ट चढवताना एवढे लक्षात ठेवावे.

बाकीच्यांसाठी उपाय साधा आहे. आत सुती सैल कपडा, पूर्ण पाटलोण वा सलवार, आणि हाताशी एक पूर्ण बाह्यांचा पातळ स्वेटर. एवढ्याने पाव क्लोची भर पडते. जाड जाकीट नको. उन्हात ते हातात बाळगावे लागते आणि मग खोलीतच राहते. घडी घालून पर्समध्ये मावेल अशी लोकरीची शाल त्याहून बरी. उन्हातून आल्यावर शक्य असल्यास बनियन बदलावे आणि छतातल्या झोताखालची खुर्ची टाळावी. पायांत मोजे व बंद बूट असावेत. गारठ्यासाठी तर ते हवेतच, पण बाहेरचा पदपथ त्याहून मोठे कारण आहे. चप्पल निसटून उघडे पाऊल त्यावर टेकले वा तोल जाऊन हात टेकला, तर भाजल्याच्या खऱ्याखुऱ्या जखमा होतात आणि असे रुग्ण दर उन्हाळ्यात तेथील रुग्णालयात दाखल होतात. पोशाखाचे नियम म्हणाल तर ते दिवसा फारसे नाहीत. उंची उपाहारगृहे आणि रात्रीचे क्लब तेवढे अर्धी चड्डी व चपला चालवून घेत नाहीत.

सर्दी-पडशावर निभावले तर या गारठ्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. धोका आहे तो पुन्हा बाहेर पडताना. गारव्यात तहान जाणवत नाही, आणि वय वाढते तशी ती मुळातच मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी अनेकांना चालू असते. चार तास आत बसून दोन घोट पाणी प्यालेले आजोबा संध्याकाळी ‘कारंजी पाहून येऊ’ म्हणून बाहेर पडतात तेव्हाही पारा ३८-४० वर असतो आणि जवळ दिसणारे पुढचे हॉटेल प्रत्यक्षात अर्ध्या तासाच्या वाटेवर निघते. लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत येते तेथे २०२४ या एका वर्षात उष्णतेशी संबंधित पाचशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यांत बेघर आणि घरातले वातानुकूलन बंद पडलेले रहिवासी बरेच होते, तरी ऊन प्रवाशाची गय करते असे नाही. म्हणून तहान लागो न लागो, आत बसल्याबसल्या पाणी पीत राहावे, डोक्यावर रुंद कडांची टोपी घ्यावी आणि स्वेटर दाराबाहेर पडल्यावर नव्हे, तर दाराशी पोचण्याआधीच उतरवावा. गोळ्यांविषयी भारतातून निघण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घेणे इष्ट.

तिसऱ्या दिवशी मोटार ग्रँड कॅन्यनकडे निघते. दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराहून सातशे मीटर वर आहे. सूर्योदय पाहण्यासाठी पहाटे कठड्याशी उभे राहायचे असते आणि भर जुलैतही तेथे त्या वेळी पारा १० अंशांच्या आसपास असतो. व्हेगासला काढलेली शाल तेथे पुन्हा लागते.