बांधाचा वाद वेळीच मिटवा

कीड पडली किंवा पाऊस हुकला तर शेतकऱ्याचा एक हंगाम जातो. बांधावरच्या मारामारीत मात्र दोन घरे कायमची बसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात खुनाचे 28,522 गुन्हे नोंदले गेले. त्यांपैकी 9,962 गुन्ह्यांच्या मुळाशी कोणता ना कोणता वाद होता. जमिनीचे, घरगुती व पैशाचे वाद यांतच मोडतात.

वाद किती जमिनीचा?

समजा, बांधाची लांबी 330 फूट आहे आणि नांगरटीत तो एक फूट कोरला गेला. म्हणजे 330 चौरस फूट जमीन गेली. एक गुंठा 1,089 चौरस फुटांचा असतो. एकरी 10 क्विंटल ज्वारी धरली, तर या तुकड्यात साडेसात किलो ज्वारी होते. आपला हक्क सोडून द्यावा, असा याचा अर्थ नाही. पण तो मिळविण्यासाठी कुऱ्हाड उचलणे परवडणारे नाही.

भांडण कसे वाढते?

पुष्कळदा भाड्याच्या ट्रॅक्टरचा चालक वळण घेताना बांध कोरतो. मालक तेथे हजरही नसतो. शेजाऱ्याला मात्र ते मुद्दाम केलेले वाटते. पुढच्या वर्षी तोही एक तास जास्त घालतो. मग बांधावरचे झाड, पाण्याचा निचरा, गाडीवाट असे जुने विषय निघतात. बोलणे बंद होते. पेरणीच्या घाईत दोघे समोरासमोर आले की शिवीगाळ होते, भाऊ व मुले धावून येतात. शेतात कोयता, कुऱ्हाड, फावडे हाताशी असतेच. कोणी ठरवून आलेला नसतो, तरी जीव जातो.

खुनाला भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 नुसार मृत्युदंड किंवा जन्मठेप व दंड अशी शिक्षा आहे. समान उद्देशाने जमावात सामील झालेल्यांवरही तोच आरोप येऊ शकतो. एका घरचा कर्ता मरतो, दुसऱ्याचा तुरुंगात जातो. दोन्ही शेते पडीक राहतात आणि वकिलाच्या खर्चासाठी जमीनच विकावी लागते.

काय करावे?

1. नांगरटीपूर्वी चालकाला बांध दाखवावा व बांधालगत थोडी जागा सोडण्यास सांगावे.

2. हद्दीच्या निशाण्या सांभाळाव्यात. ती जबाबदारी खातेदाराचीच आहे. दगड स्वतः हलवू नये. तो गुन्हा ठरतो.

3. हद्दीबद्दल शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. त्यांनी मोजणीस हजर राहावे. मोजणी मान्य नसल्यास निमताना मोजणी मागता येते.

4. वाट किंवा पाणी अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 नुसार तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा. बांधावरून नवी वाट हवी असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 नुसार अर्ज करावा.

5. आपली जमीन शेजाऱ्याकडे आणि शेजाऱ्याची आपल्याकडे, असा ताबा बारा वर्षांपासून असल्यास अदलाबदलीसाठी शासनाने जानेवारी 2023 मध्ये सलोखा योजना आणली. तिची सध्याची मुदत व अटी तलाठ्यांकडे विचाराव्यात.

6. गावात तंटामुक्त समिती असल्यास तिच्यापुढे विषय ठेवावा. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम 2007 साली याच हेतूने सुरू झाली. ठरलेली तडजोड लेखी करून दोघांनी सह्या कराव्यात.

7. धमकी मिळाल्यास त्याच दिवशी पोलिसांना लेखी कळवावे. ताब्यावरून शांतताभंगाची भीती असल्यास कार्यकारी दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 164 नुसार दखल घेऊ शकतात.

राग आलेला असताना बांधावर जाऊ नये. निरोप दोघांनाही मान्य असलेल्या वडीलधाऱ्या माणसाकरवी द्यावा. घरातील तरुणांना चिथावणी देण्याऐवजी आवरावे. कोरलेला बांध मोजणी करून पुन्हा घालता येतो, गेलेला माणूस परत आणता येत नाही. म्हणून शेतकरी बंधूंनो, हद्दीबद्दल शंका असेल तर पेरणीची वाट न पाहता उन्हाळ्यापूर्वीच मोजणीचा अर्ज द्या.