लकव्याच्या आधी दारात पोहोचायचं तर

गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांत ‘सर्च’ ही संस्था जन्म आणि मृत्यूची नोंद ठेवत आली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हे काम बालमृत्यू कमी करण्यासाठी उभं केलं. यांतल्याच ३९ गावांत १९९३ नंतर आरोग्यदूत बायका बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजात बाळाची देखभाल करू लागल्या, आणि तो प्रयोग पुढे जगभर अभ्यासला गेला. मोठी माणसं कशाने जातात, हा प्रश्न मात्र मागेच राहिला होता.

मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो हाती घेतला. इथली बहुतेक माणसं घरीच मरतात. दाखल्यावर कारण लिहायला डॉक्टर नसतो. म्हणून प्रशिक्षित कार्यकर्ते मृताच्या घरी जाऊन ठरावीक प्रश्न विचारतात: अचानक झालं का, एका बाजूचे हातपाय लुळे पडले का, तोंड वाकडं झालं का, बोलणं अडखळलं का. ती माहिती वाचून डॉक्टर कारण ठरवतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने अनेकांना धक्का बसला. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं लकवा, दर सात मृत्यूंमागे एक. लकव्याने गेलेल्यांपैकी ८७ टक्के माणसं घरीच गेली होती.

लकवा हा शहरातल्या, सुखवस्तू माणसांचा आजार, ही समजूत इथेच संपायला हवी.

गुठळीमुळे लकवा झाला असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून, रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की ज्या गावाचा रस्ताच बंद होतो, तिथे हे साडेचार तास कुठून आणायचे? म्हणून माणसाला लकवा होण्याआधीच गाठायला हवं. त्याचं सर्वांत मोठं कारण उच्च रक्तदाब, आणि तो गोळ्यांनी आटोक्यात येतो. वरचा आकडा दहाने उतरला तरी लकव्याचा धोका साधारण पाव हिश्शाने घटतो.

म्हणून ‘सर्च’ने पुन्हा आरोग्यदूतच निवडले. पन्नाशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब आणि मधुमेह गावातच तपासायचा, फिरत्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध सुरू करायचं आणि आरोग्यदूताने घरी जाऊन पाठपुरावा करायचा. खरोखर फरक पडतो का हे कळावं म्हणून गावांचे दोन गट करून तुलनाही आखली गेली. गावपातळीवर काम करताना अशी शिस्त पाळणं मला फार मोलाचं वाटतं, कारण चांगल्या हेतूने चाललेलं काम उपयोगी पडतंच असं कुणी गृहीत धरू नये.

रक्तदाब मोजणं सोपं दिसतं, पण त्यातच चुका होतात. शेतातून चालत आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं शांत बसवायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला आधारावर, पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही. मिनिटभर थांबून पुन्हा मोजायचं. नुकताच खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाल्ला असेल तर आकडा चढलेला दिसतो, म्हणून अर्धा तास थांबायचं. आणि खर्रा सोडवणं हे तर वेगळंच मोठं काम. दारू आणि तंबाखूविरुद्ध जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ अभियान चालवावं लागलं ते उगाच नाही.

खरी कसोटी त्यानंतर लागते. रक्तदाब दुखत नाही. १७०वर असलेला माणूसही दिवसभर रोवणी करून येतो. त्याला बरं वाटतंय, मग गोळी कशासाठी? महिनाभर घेतो, आकडा उतरतो, ‘बीपी गेली’ म्हणून बंद करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आजवर त्याने औषध घेतलं ते ताप उतरेपर्यंत, जखम भरेपर्यंत. आयुष्यभराच्या गोळीची गोष्ट गावातल्याच, रोज दिसणाऱ्या बाईने पुन्हा पुन्हा सांगितली तरच पटते.

राज्यात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग इथून सुरू झालेल्या सरकारी उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही भर याच गोष्टींवर आहे: ठरलेली मोजकी औषधं, घराजवळ उपचार, प्रत्येक रुग्णाची नोंद. कुठल्याही जिल्ह्याने असा कार्यक्रम आखताना शिबिरात किती जणांना तपासलं हा आकडा मिरवू नये. या महिन्यात गोळ्या न्यायला कोण आलं नाही, याची यादी आधी मागावी. आणि त्या यादीतल्या घरी जाणाऱ्या बाईला तिचा मोबदला वेळेवर मिळतो का, हेही त्याच बैठकीत विचारावं.