परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

अंबाडी नाक्यावर भिवंडी-वाडा रस्त्यातून वज्रेश्वरीकडचा रस्ता फुटतो. सणासुदीला इथल्या खांबांवर भजन, रांगोळी, पाककृती अशा स्पर्धांचे फलक लागतात. देणगीदारांचे चेहरे मोठे, नियम बारीक, आणि शेवटचा नियम ठरलेला: ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेला माणूस गावात राहतो म्हटल्यावर गुणांची बेरीज करायला मलाच बसवतात. बेरीज करताना दरवेळी वाटतं, परीक्षक तीन असले तर निर्णयही तीन असतात. हा ‘अंतिम’ त्यांतला कोणता?

गेल्या काही दशकांत या प्रश्नाचा सर्वांत चिवट पाठलाग झाला तो वाइनच्या पेल्यात. तसं होणं साहजिक होतं. तेच भजन दुसऱ्यांदा हुबेहूब तसंच म्हणता येत नाही; एकाच बाटलीतली वाइन मात्र त्याच परीक्षकापुढे तीनदा ठेवता येते, त्याला पत्ता लागू न देता.

पाठलागाची सुरुवात 24 मे 1976 पासून धरतात. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याचं पॅरिसमध्ये वाइनचं दुकान होतं. त्याने आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलाघर हिने नऊ नामांकित फ्रेंच परीक्षक बोलावले आणि बाटल्यांची नावं झाकून त्यांच्यापुढे दहा पांढऱ्या, दहा तांबड्या वाइन ठेवल्या. दोन्ही गटांत सहा कॅलिफोर्नियाच्या, चार फ्रान्सच्या. गुण 20 पैकी. पांढऱ्यांत शातो माँटेलिना पहिली आली, तांबड्यांत स्टॅग्ज लीप. दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, 1973 सालच्या. हजर असलेला एकमेव बातमीदार ‘टाइम’चा जॉर्ज टेबर, त्यामुळे बातमी जगभर गेली. ओडेट कान या परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरने दिली नाही. त्याचे उपकार पुढे येतीलच.

कॅलिफोर्नियाचा विजय म्हणून ही गोष्ट हजारदा सांगून झाली आहे. माझा जीव अडकतो तो आकड्यांत. स्परियर आणि गॅलाघर यांचे गुण धरून अकरा जणांची सरासरी काढली, तर स्टॅग्ज लीपला 14.14 आणि दुसऱ्या आलेल्या शातो मूतोन-रोथशिल्डला 14.09 पडतात. फरक 0.05. आमच्याकडे एवढ्या फरकावर पहिला क्रमांक दिला तर दुसरं मंडळ ढोलकीसकट स्टेजवर चढेल. शिवाय तांबड्यांची पाळी येण्याआधीच स्परियरने पांढऱ्यांचा निकाल सांगून टाकला होता. म्हणजे दुसऱ्या फेरीला परीक्षक सावध होऊन बसले. प्रयोगाच्या दृष्टीने ही चूक मोठीच.

यावर विचार करायची हत्यारं मात्र तेव्हा जुनी झाली होती. 1920 च्या दशकात इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात म्युरिअल ब्रिस्टल या बाईंनी, दूध आधी ओतलं की चहा हे मी चवीवरून ओळखते, असं सांगितलं आणि रोनाल्ड फिशरने त्यातून प्रयोगच रचला. आठ कप, चार एका तऱ्हेचे, चार दुसऱ्या. आठांतून चार निवडण्याच्या रीती 70. केवळ नशिबाने सगळे बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक. पुढे 1937 मध्ये मिल्टन फ्रीडमनने गुण बाजूला ठेवून नुसत्या क्रमांकांवर चालणारी कसोटी दिली. हा तोच अर्थशास्त्रातला फ्रीडमन, आणि त्याला नोबेल मिळालं तेही 1976 मध्येच. 1939 मध्ये मॉरिस केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी परीक्षकांचं आपसात किती जुळतं हे एका आकड्यात मांडलं. त्या आकड्याला डब्ल्यू म्हणतात. पूर्ण एकमत म्हणजे 1, अजिबात मेळ नाही म्हणजे 0.

गुणांऐवजी क्रमांक कशासाठी, हे मला बेरजेच्या टेबलाशी बसल्यावर नीट उमगलं. एक परीक्षक कनवाळू असतो, सगळ्यांना 15 ते 18 देतो. दुसरा कडक, त्याचे गुण 4 पासून 18 पर्यंत पसरतात. दोघांची बेरीज केली की निकाल दुसराच लावतो आणि पहिला नुसता हार घालून घ्यायला आलेला असतो. क्रमांक लावले की दोघांचं वजन सारखं होतं.

आता समजा तीन परीक्षक आहेत आणि चार भजनी मंडळं. पहिल्याने क्रम लावला 1, 2, 3, 4. दुसऱ्याने 2, 1, 4, 3. तिसऱ्याने 4, 3, 1, 2. क्रमांकांच्या बेरजा येतात 7, 6, 8, 9. सर्वांत कमी बेरीज दुसऱ्या मंडळाची, म्हणून चषक त्यांचा. टाळ्या, फोटो. पण या बेरजा 7.5 या सरासरीपासून किती लांब आहेत ते पाहा: फरकांच्या वर्गांची बेरीज भरते 5. तिघांनी एकच क्रम लावला असता तर ती 45 झाली असती. 5 भागिले 45, म्हणजे डब्ल्यू 0.11. परीक्षकांनी चिठ्ठ्या उचलून क्रम लावले असते तरी इतपत मेळ सहज बसला असता; ‘हा योगायोग नव्हे’ असं नेहमीच्या 5 टक्क्यांच्या कसोटीवर म्हणायला इथे ती वर्गांची बेरीज किमान 37 हवी. चषक मिळालेल्या मंडळाला हे सांगायला मी अजून धजावलेलो नाही.

पॅरिसच्या गुणपत्रिकांना हीच वागणूक 1999 मध्ये प्रिन्स्टनच्या ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर आणि रिचर्ड क्वांट या अर्थशास्त्रज्ञांनी दिली. दोघेही वाइनचे शौकीन. त्यांनी गुणांचे क्रमांक करून मेळ तपासला. नंतर 2006 मध्ये ‘जर्नल ऑफ वाइन इकॉनॉमिक्स’ निघालं आणि त्याच्या पहिल्या वर्षी ऐंशी ओलांडलेल्या डेनिस लिंडलीने तीच आकडेवारी पुन्हा उकलली. लिंडली संख्याशास्त्रातल्या बेझ परंपरेतला मोठा माणूस. त्या परंपरेचा एक आधारस्तंभ केंब्रिजचा हॅरॉल्ड जेफ्रीज, आणि याच जेफ्रीजच्या हाताखाली आपल्या कोल्हापूरच्या वसंत शंकर हुजूरबाजारांनी 1949 मध्ये पीएचडी केली. 1953 पासून त्यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला, 1974 मध्ये पद्मभूषण मिळवलं. म्हणजे पॅरिसच्या पेल्यातल्या गणिताची एक चुलत शाखा पुण्यात नांदत होती. वाइनवर तिने काही लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही; चहावर पोसलेला विभाग असणार.

2012 मध्ये प्रिन्स्टनमध्ये पॅरिसची पुनरावृत्ती झाली, या वेळी न्यू जर्सी विरुद्ध फ्रान्स. तांबड्यांत मूतोन-रोथशिल्ड पहिली आली. क्वांटने हिशेब मांडला आणि सांगितलं, की पांढऱ्यांत पहिली आणि तांबड्यांत शेवटची एवढ्याच वेगळ्या काढता येतात. मधल्या सगळ्या क्रमांकांना फारसा अर्थ नाही.

पण सगळ्यांत खोल घाव घातला तो रॉबर्ट हॉजसन याने. हा समुद्रशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, स्वतःची छोटी वायनरी चालवणारा. एका स्पर्धेत आपल्या वाइनला सुवर्ण आणि दुसरीत काहीच नाही, हे त्याला खटकत होतं. कुरकुर सगळेच करतात. याने कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या मंडळींना गळ घातली आणि 2005 पासून चार वर्षं प्रयोग चालवला. सुमारे 30 पेल्यांच्या रांगेत तीन पेले एकाच बाटलीतले. परीक्षकांना कल्पना नाही. तिन्ही पेल्यांना एकाच पदकाच्या टप्प्यात बसवणारे परीक्षक निघाले जेमतेम 10 टक्के. आणखी सुमारे 10 टक्क्यांनी तर त्याच वाइनला कधी कांस्य, कधी सुवर्ण दिलं. पुढच्या वर्षी त्याने 2003 सालच्या 13 स्पर्धांचे निकाल जुळवले: ज्या वाइन तीनहून अधिक स्पर्धांत उतरल्या होत्या, त्यांतल्या 47 टक्क्यांना कुठे ना कुठे सुवर्ण मिळालेलं होतं, आणि त्या सुवर्णवाल्यांपैकी 84 टक्के दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत हात हलवत परतल्या होत्या.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फेसाळ वाइन काढली, 2001 मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, आणि आता नाशिकच्या बाटल्यांवरही पदकांचे गोल सोनेरी शिक्के दिसतात. शिक्का खोटा नसतो. ती बाटली आणखी किती ठिकाणी उतरली होती, हे मात्र त्यावर छापायची रीत कुठेच नाही.

आमच्या भागात द्राक्ष नाही, भात आहे. वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून जो तो आपल्या घरचा तांदूळ अस्सल म्हणून सांगतो. एकदा वाटलं, झाकून तीन ताटल्या ठेवाव्यात, दोन एकाच पोत्यातल्या. घरातूनच विरोध झाला. मग म्हटलं, निदान भजन स्पर्धेचे जुने आकडे तरी तपासू, आणि एका मंडळाच्या चिटणीसाकडे मागच्या पाच वर्षांच्या गुणपत्रिका मागितल्या. ओडेट कानबाईंचा कागद स्परियरने हातचा सोडला नाही, म्हणून तेवीस वर्षांनी त्यावर गणित करता आलं, हेही त्याला सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“सर,” तो म्हणाला, “निकाल लागल्यावर त्याच कागदांवर वडे वाटले आपण. तुम्हीपण दोन घेतलेत.”