कायदा मोडला की रूढी?

पलासियातल्या माझ्या दवाखान्यात नववीतला एक मुलगा नंबर येईपर्यंत इंग्रजीचा गृहपाठ करत होता. ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ची, म्हणजे सविनय कायदेभंगाची, दोन उदाहरणे हवी होती. त्याने दांडी आणि महाड लिहिले. महाडपाशी मी अडलो.

१८४६ मध्ये अमेरिकेत थोरोने कर नाकारला आणि एक रात्र तुरुंगात काढली. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. कायदा उघडपणे मोडायचा आणि शिक्षा पत्करायची, हा सविनय कायदेभंग. महाडचे चवदार तळे मात्र नगरपालिकेने १९२४ मध्येच सर्वांना खुले केले होते. आपल्या शेजारच्या महूला जन्मलेले डॉ. आंबेडकर २० मार्च १९२७ रोजी तिथले पाणी प्यायले, तेव्हा मोडली ती रूढी. लोकांवर हल्ला झाला, तरी त्यांनी अनुयायांना उलट हात उगारू दिला नाही. डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आला, तेव्हा सत्याग्रह स्थगित करून ते खटला लढले. हायकोर्टाचा अनुकूल निकाल लागायला १९३७ उजाडले.

लक्षणे सारखी, तरी औषध वेगळे, हे आम्हां होमिओपॅथांच्या रोजच्या अनुभवातले. म्हणून वर्गात व्याख्या पाठ करून घेण्याआधी विचारावे: मोडला तो कायदा की रूढी? आणि सोसले कोणी? आम्हां जैनांच्या घरी पाणी गाळून पितात, जीव मरू नये म्हणून. त्याच पाण्यावर माणसाला बंदी होती, हे नातवंडांचा अभ्यास घेताना आपण जरूर सांगावे.