किल्ली कोणाच्या खिशात?

जुन्या मोबाइलमधले सिम काढून नव्यात घातले की आपले सारे बिऱ्हाड हलले, अशी पुष्कळांची समजूत असते. बँकेचा संदेशाने येणारा आकडा सिमच्या मागोमाग येतो, हे खरे. परंतु ज्यांनी आपल्या ई-मेलला ऑथेंटिकेटर ॲपचे दुसरे कुलूप लावले आहे, त्यांचा आकडा सिमबरोबर येत नाही. असे का व्हावे?

कारण हा आकडा कोणी पाठवीतच नाही. खाते जोडताना आपण पडद्यावरचा क्यूआर कोड टिपतो, तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते. तीच किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरही असते. ही किल्ली आणि घड्याळातील वेळ यांचे गणित दोन्हीकडे स्वतंत्रपणे मांडले जाते आणि बहुधा दर 30 सेकंदांनी 6 अंकांचे नवे उत्तर निघते. म्हणूनच रेंज नसली तरी आकडा मिळतो आणि फोनचे घड्याळ फार चुकले तर आकडाही चुकतो.

तेव्हा हलवायची असते ती किल्ली. जुना फोन हाती आहे तोवर हे काम काही मिनिटांचे. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये खाती हस्तांतरित करण्याची सोय आहे. जुन्या फोनने क्यूआर कोड दाखवायचा, नव्याने टिपायचा. 2023 पासून गूगल खात्यात प्रत ठेवण्याचीही सोय झाली आहे. नव्या फोनवरील आकड्याने प्रत्येक खाते उघडते याची खात्री करावी आणि मगच जुना फोन पुसावा.

फोन हरवलाच, तर बॅकअप कोड कामी येतात. गूगल असे 10 कोड देते. प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून ठेवावेत. त्यांचे छायाचित्र त्याच फोनमध्ये ठेवणे म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप लावणे होय.

आम्ही कामगार संघटनेतली माणसे. युनियनच्या ई-मेलमध्ये सभासदांची यादी असते, मालकाशी झालेला पत्रव्यवहार असतो. त्याची किल्ली एकट्या चिटणीसाच्या खिशात असेल, तर शेकडो सभासदांची संघटना एका फोनच्या आयुष्यावर उभी आहे असे म्हणावे लागेल. बॅकअप कोड मोहोरबंद पाकिटात, दोघा पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनिशी तिजोरीत असावेत. चिटणीस बदलला की पासवर्ड बदलावा, जुनी जोडणी रद्द करून नवी करावी आणि नवे कोड घ्यावेत. नाहीतर जुना फोन आकडे देतच राहतो. हिशेबाच्या वह्या आपण सभेपुढे ठेवतो, तसाच या किल्लीचाही जाब सभेने विचारला पाहिजे.